तुमचे प्रश्न : बेनोनीची शार्लीझ थेरॉन

मागच्या अंकात अर्ध्या पानाचं एक टिपण होतं, अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी दक्षिण आफ्रिकेची पहिली कलाकार शार्लीझ थेरॉन, बस्स एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर तिलाच देतोय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव किंवा पेठ तेवढी ठेवलीय, आणि सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

राजारामपुरी : ताई, मी असं ऐकलंय की ही बाई बँकेत भांडत होती, मागं उभ्या असलेल्या माणसानं तिला हेरलं आणि डायरेक्ट हिरोईन केलं. असं नशीब लागतंय होय कुणाचं? खरंय का हे?

बँकेचा किस्सा खरा आहे. डायरेक्ट हिरोईन झाली हे मात्र खरं नाही, आणि मधला भाग गाळला की सगळंच नशिबावर जातं म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिचा जन्म ७ ऑगस्ट १९७५ चा, जोहान्सबर्गजवळच्या बेनोनी गावचा. शेतावरचं घर, आईवडिलांचा रस्ते बांधायचा धंदा, एकुलती एक पोरगी. तिला व्हायचं होतं बॅले डान्सर. सिनेमाबिनेमा काही डोक्यात नव्हता. १३ व्या वर्षी जोहान्सबर्गच्या कलाशाळेत बोर्डिंगला गेली, १६ व्या वर्षी इटलीतल्या सालेर्नोमध्ये मॉडेलिंगची स्पर्धा जिंकली, त्यातनं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, मिलानला राहिली, मग न्यूयॉर्कला जाऊन जॉफ्री बॅले स्कूलमध्ये शिकायला लागली आणि तिथं गुडघा गेला. डान्स संपला. वय १८-१९. आता आपल्याकडं तालमीत हे किती वेळा बघतो आपण, पोरगा लहानपणापासनं मेहनत करतो, खुराक, जोर-बैठका, मॅटवर गुडघा फिरतो आणि एका दिवसात सगळं थांबतं, मग तो पोरगा पुढं काय करतो त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. हिला आईनं सरळ सांगितलं की पुढं काय करायचं ते ठरव नाहीतर घरी ये, रुसून बसायचं असेल तर ते दक्षिण आफ्रिकेतही बसता येतंय. आणि लॉस एंजेलिसचं एकीकडचं तिकीट काढून दिलं. हे १९९४ साल.

बँकेतलं भांडण तिथलं. घरभाड्याला मदत म्हणून आईनं पाठवलेला चेक, तो वटवायला बँकवाला तयार नाही, खिशात पैसे नाहीत, ती काउंटरवर ओरडायला लागली. मागं उभ्या असलेल्या एका एजंटनं तिला कार्ड दिलं, पुढं अ‍ॅक्टिंगच्या क्लासलाही त्यानंच पाठवलं. पहिला सिनेमा १९९५ चा एक भुताखेताचा, त्यात एकही डायलॉग नाही. इंग्रजी तिची घरची भाषा नाही, घरी आफ्रिकान्स बोलायचे, त्यामुळं अमेरिकन उच्चार तिनं टीव्ही बघून बघून बसवले. १९९६ ला 'टू डेज इन द व्हॅली' मुळं लोकांच्या नजरेत आली, आणि १९९७ ला 'द डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' मध्ये अल पचिनो आणि कियानू रीव्हज समोर असताना तिनं जी हळूहळू खचत जाणारी बायको केलीय ती बघा म्हणजे नशिबाचा प्रश्न परत विचारणार नाही तुम्ही.

आणि त्या किस्स्यातली एक गोष्ट कुणीच सांगत नाही. तो कार्ड देणारा एजंट तिला सारखे एकाच छापाचे, नुसतं अंग दाखवायचे रोल पाठवत राहिला म्हणून तिनं त्याला सोडलं. नवखी पोरगी, परका देश, हातात दुसरं काही नाही, आणि ज्यानं दार उघडलं त्यालाच नको म्हणाली. मला तिच्या सगळ्या करिअरची सुरुवात त्या कार्डापेक्षा इथं दिसते.

शाहूपुरी : तिच्या आईनं तिच्या वडिलांना गोळी घातली असं वाचलं. मग आईला शिक्षा कशी झाली नाही? मी हे उगाच विचारत नाही ताई, आमच्या ओळखीत एक घर आहे तिथं रोज रात्री दारूचा तमाशा असतो.

हो, खरं आहे. २१ जून १९९१ ची रात्र, शार्लीझ १५ वर्षांची. वडील दारूच्या आहारी गेलेले, त्या रात्री पिऊन बंदूक घेऊन आले. ती आणि आई खोलीत दार आतून रेटून उभ्या होत्या आणि त्यांनी दारातनं तीन गोळ्या झाडल्या. दोघींना एकही लागली नाही. आईनं स्वतःची बंदूक काढली आणि उलट गोळी चालवली, त्यात ते गेले. चौकशी झाली, जीव वाचवण्यासाठी केलेली कृती असं ठरलं आणि आईवर खटला चालला नाही.

नंतर कितीतरी वर्षं ती लोकांना वडील गाडीच्या अपघातात गेले असंच सांगायची. कुणी विचारलं की पटकन सांगून मोकळं व्हायचं. मग पुढं ती उघडपणे बोलायला लागली, आणि बोलताना तिचा भर त्या एका रात्रीवर नसतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती सांगते की दारुड्या माणसाच्या घरात रोज आज काय होईल हे माहीत नसणं, पाऊल वाजलं की पोटात गोळा येणं, हे त्या गोळीबाराच्या आधी कितीतरी वर्षं चालू होतं. पेपरात फक्त ती रात्र येते, आधीची वर्षं येत नाहीत. तुमच्या ओळखीच्या घराचंही तेच आहे बघा, अजून बातमी झालेली नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, सकाळी उतरली की माणूस चांगला आहे हे वाक्य त्या बाईला ऐकवू नका. आपल्याकडं २००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदा आहे, त्यात मारहाणच पाहिजे असं नाही, शिव्या, धमक्या, पैसे अडवून ठेवणं हेही येतं, त्याच घरात राहायचा हक्क त्या बाईला मिळतो आणि नवऱ्यानं जवळ येऊ नये असा आदेशही कोर्टाकडनं घेता येतो. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात त्यांच्याकडं अर्ज देता येतो. महिला हेल्पलाईन १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर ११२. शेजाऱ्यांनी फोन केला तरी चालतंय, तिनंच करायला पाहिजे असं काही नाही. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क आपल्या कायद्यातही आहेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये, पण तिथवर गोष्ट जाऊच नये म्हणून आधीचे नंबर सांगतेय.

आणि त्या आईबद्दल, गर्डा त्यांचं नाव. नवरा गेल्यावर धंदा त्यांनी चालवला, पोरीला परदेशी पाठवलं, तिकीट काढलं, चेक पाठवले. २००४ ला ऑस्कर घेताना स्टेजवरनं पोरगी आईकडं बघून रडली ते उगाच नाही.

उचगाव : तिचं लग्न झालंय का? मुलं किती?

लग्न केलेलं नाही. दोन मुलं दत्तक घेतलीत, पहिलं २०१२ ला आणि दुसरं २०१५ ला. मुलांविषयी ती फार बोलत नाही म्हणून आपणही इथंच थांबू.

इचलकरंजी : ऑस्कर मिळालं ते वजन वाढवून आणि कुरूप दिसून मिळालं असं आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतोय. एवढी देखणी बाई, वाईट दिसली म्हणून बक्षीस. मेकअपचं बक्षीस अ‍ॅक्टिंगला दिलं का?

तुमच्या ग्रुपमधल्या त्या भावानं 'मॉन्स्टर' पूर्ण बघितलाय का ते विचारा आधी.

सिनेमा २००३ चा, दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स, तिचा हा पहिलाच मोठा सिनेमा. गोष्ट एलीन वुर्नोस या खऱ्या बाईची. फ्लोरिडातली, रस्त्यावर देहविक्री करणारी, १९८९-९० मध्ये सात पुरुषांचे खून केले, २००२ च्या ऑक्टोबरात मृत्युदंड झाला. शार्लीझनं जवळजवळ १३-१४ किलो वजन वाढवलं, भुवया काढल्या, खोटे दात लावले, कातडीला उन्हानं रापलेला रंग दिला. हे सगळं खरं. पण खोटे दात लावून तसं चालता येत नाही बघा. त्या बाईचं चालणं बघा, खांदे पुढं टाकून, मान झटकत, कुणीतरी आता मारणार आहे अशी सगळ्या अंगाची तयारी, आणि जिच्यावर प्रेम करते तिच्यासमोर आली की तेच अंग कसं ढिलं पडतं, हे मेकअपवाला नाही करू शकत. हे डान्सरचं काम आहे. जिला लहानपणापासनं प्रत्येक सांध्याचा हिशोब शिकवलाय तिनं ते शिक्षण इथं वापरलंय. एलीननं तुरुंगातनं लिहिलेली पत्रं तिनं वाचली होती. आणि सिनेमा खुनाचं समर्थन करत नाही आणि त्या बाईला राक्षसही करत नाही, ही दोरीवरची कसरत तिच्यामुळं जमलीय.

अजून एक, ती या सिनेमाची निर्मातीही होती. मला मुद्दा हा करायचाय. देखण्या नटीला विद्रूप करायचं म्हटल्यावर पैसेवाले घाबरतात, पोस्टरवर कोण बघणार म्हणतात, तिथं निर्माती म्हणून ती उभी राहिली म्हणून तो चेहरा तसाच पडद्यावर आला. २९ फेब्रुवारी २००४ ला ऑस्कर मिळालं, योगायोग असा की २९ फेब्रुवारी ही एलीनची जन्मतारीख. पुढच्या महिन्यात ती मायदेशी गेली तेव्हा नेल्सन मंडेलांनी तिला भेटायला बोलावलं, तिनं देशाचं नाव जगाच्या नकाशावर नेलं असं ते म्हणाले आणि तिला तिथं रडू आवरलं नाही.

त्यानंतर २००५ ला 'नॉर्थ कंट्री', मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्या बायकांनी लैंगिक छळाविरुद्ध मिळून लढलेल्या खऱ्या केसवर बेतलेला, त्यालाही ऑस्करचं नामांकन होतं. तिसरं नामांकन 'बॉम्बशेल' ला, २०१९ चा, एका मोठ्या न्यूज चॅनेलच्या बॉसविरुद्ध बोललेल्या बायकांचा, तिथंही ती निर्माती. हे दोन्ही सिनेमे लोक कमी बघतात, मला ते 'मॉन्स्टर' इतकेच जवळचे वाटतात.

कागल : मॅडम, मॅड मॅक्स लई भारी होता, फ्युरिओसा म्हणजे नादच खुळा! ते स्टंट ती स्वतः करते का?

सगळे नाही, कुठलाच कलाकार सगळे करत नाही, गाड्यांच्या स्टंटला तयारीचे स्टंटवाले लोक असतात आणि त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. पण मारामारीची बरीच कामं ती स्वतः करते. २०१५ च्या 'फ्युरी रोड' चं मुख्य शूटिंग २०१२ ला नामिबियाच्या वाळवंटात झालं, म्हणजे तिच्या मायदेशाच्या शेजारीच, महिनोन् महिने धूळ आणि थंडी. डोकं भादरलं तिनं त्या रोलसाठी. सिनेमाला सहा ऑस्कर मिळाले. नाव मॅक्सचं आहे पण गोष्ट पुढं नेते ती एका हाताची फ्युरिओसा, आणि तिला संवाद किती कमी आहेत बघा, सगळं डोळ्यात आणि स्टिअरिंगवरच्या हातात.

याची किंमतही तिनं मोजलीय. 'इऑन फ्लक्स' च्या वेळी उलटी उडी मारताना मानेवर पडली, मणक्याची दुखापत झाली, शूटिंग थांबवावं लागलं. 'अ‍ॅटॉमिक ब्लाँड' (२०१७) च्या तयारीत दात इतके आवळले की दात तडकले. त्यातली जिन्यावरची मारामारी आहे ना, कट न करता एका दमात घेतल्यासारखी दिसते ती, तिथं हिरोईन दमते, धापा टाकते, धडपडते, तोल जातो तिचा. मला ती म्हणून आवडते. मार लागला की माणूस दमतो हे दाखवणारे सिनेमे कमी आहेत.

आणि मानधनाचं पण सांगते. 'द हंट्समन' च्या दुसऱ्या भागाच्या वेळी तिनं सहकलाकार क्रिस हेम्सवर्थ एवढेच पैसे मागितले आणि घेतले, तेव्हा एका स्टुडिओचे ईमेल फुटून हॉलिवूडमध्ये बायकांना कमी पैसे देतात हे बाहेर आलं होतं, त्यानंतरची गोष्ट. मागितलं म्हणून मिळालं.

गडहिंग्लज : मी शिक्षिका आहे. दक्षिण आफ्रिकेची अभिनेत्री म्हटल्यावर गोरी बाईच का आठवावी? तिथल्या बहुसंख्य लोकांचं काय?

बाई, फार योग्य प्रश्न, आणि हा आल्याचा मला मनापासून आनंद झाला.

शार्लीझ वाढली तो काळ वर्णभेदाचा. तिची शाळा, तिचं शेत, तिचे डान्सचे क्लास, हे त्या देशात कातडीच्या रंगावर वाटलेलं होतं आणि ती मिळणाऱ्यांच्या बाजूला होती. तिनं हे स्वतः बोलून दाखवलंय. सगळ्यांना मतदान असलेली पहिली निवडणूक एप्रिल १९९४ ला झाली, म्हणजे ज्या वर्षी ही लॉस एंजेलिसला पोचली त्याच वर्षी.

तर लेलेटी खुमालो हे नाव वर्गात जरूर सांगा. जन्म १९७०, डर्बनजवळच्या क्वामाशू या काळ्या लोकांच्या वस्तीतला. किशोरवयात 'साराफिना' या संगीत नाटकाची मुख्य भूमिका मिळाली, ते नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं आणि तिला १९८८ ला टोनी या तिथल्या नाटकांच्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. १९९२ ला त्याचा सिनेमा झाला, त्यात तिच्या आईचं काम तिथल्या नावाजलेल्या गायिका मिरियम मकेबांनी केलंय. विषय सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या शाळकरी पोरांच्या उठावाचा. मग २००४ चा 'यस्टरडे', संपूर्ण झुलू भाषेत, खेड्यातली आई, तिला एचआयव्ही आहे हे कळतं आणि तिची एकच जिद्द की पोरगी शाळेत जाईपर्यंत जगायचं. परदेशी भाषेच्या ऑस्करला नामांकन होतं त्याला. ज्या वर्षी सगळं जग शार्लीझच्या ऑस्करबद्दल बोलत होतं त्याच वर्षी हा सिनेमा आला आणि आपल्याकडं कुणी नावही घेतलं नाही. लेलेटीला कोड आहे आणि ती ते लपवत नाही, कॅमेऱ्यासमोरही मोकळी वावरते. आपल्या पोरींनी हे बघायला पाहिजे. आत्ताच्या पिढीत थुसो म्बेडू आहे, 'द वुमन किंग' (२०२२) मधली.

शार्लीझनं मायदेशासाठी काय केलं हेही काहींनी विचारलंय. २००७ ला तिनं एक संस्था काढली, तिथल्या तरुण मुलामुलींना एचआयव्हीपासून वाचवण्यासाठी. स्वतः दवाखाने न काढता गावागावात आधीच काम करणाऱ्या लोकांना पैसा देते, हे मला पटतं. त्या देशात सत्तर लाखांवर लोक एचआयव्हीसह जगताहेत. २००८ पासून ती संयुक्त राष्ट्रांची शांतिदूत आहे. आणि त्याही आधी, १९९९ ला, बलात्काराविरुद्धच्या एका टीव्ही जाहिरातीत तिनं तिथल्या पुरुषांना थेट प्रश्न केला होता, तक्रारी झाल्या आणि ती जाहिरात बंद पाडली गेली. तेव्हा ती काही ऑस्करवाली नव्हती.

मंगळवार पेठ : मी निवृत्त मुख्याध्यापक. तिनं आपल्या मातृभाषेला मरणारी भाषा म्हटलं असं वाचनात आलं. हे योग्य आहे का?

सर, नाही. २०२२ च्या एका पॉडकास्टवर ती म्हणाली की आफ्रिकान्स आता ४४ एक माणसं बोलत असतील आणि ती भाषा मरतेय. तिच्या देशात बरीच ओरड झाली आणि ती बरोबरच होती. साठ लाखांहून जास्त लोकांची ती घरची भाषा आहे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त गोरे नाहीत, हे विशेष. बोलताना हसण्यावारी नेलं असेल, पण एवढ्या मोठ्या माणसाचं हसण्यावारीचं बोलणंही लोकांच्या मनाला लागतं.

त्या भाषेवर एक ओझं आहे हेही खरं. १६ जून १९७६ ला सोवेटोत पोरांवर गोळ्या झाडल्या त्या याच भाषेची शाळेत सक्ती केली म्हणून निघालेल्या मोर्चावर. तेव्हा ही दहा महिन्यांची होती. त्यामुळं तिच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना आपल्याच भाषेबद्दल अवघडल्यासारखं होतं. ते अवघडलेपण मी समजू शकते, पण गुन्हा सरकारचा होता, भाषेचा नाही. आणि तिची स्वतःची आई तिच्याशी आजही त्याच भाषेत बोलते.

जयसिंगपूर : मी १९ वर्षांची आहे. मला अ‍ॅक्टिंग करायचीय, घरचे नको म्हणतात. शार्लीझसारखं सगळं सोडून मुंबईला जाऊ का?

बाळा, सगळं सोडून नको जाऊस. ती गेली तेव्हा तिच्याकडं कितीतरी वर्षांचा डान्स होता, मिलान-न्यूयॉर्कमध्ये एकटीनं राहायची सवय होती, आणि मागं आई होती. तिकीट एकीकडचं होतं पण पाठीशी माणूस होतं. तुझ्या घरच्यांना आधी तुझं काम बघू दे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये जा, पहिलं वर्ष नुसता सेट उचलायला लागला तरी जा. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे तिथं चौकशी कर, पुढं पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे. शरीर आणि आवाज यावर काम कर, रोज.

आपलं गाव लांब आहे असंही समजू नकोस. बाबुराव पेंटरांनी इथं सिनेमे काढले तेव्हा बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या आणि १९२० च्या 'सैरंध्री' त इथंच बायकांनी काम केलं. प्रभातची सुरुवात १९२९ ला इथली. आणि अलीकडचं म्हणशील तर आपल्या कोल्हापूरच्या उषा जाधवला 'धग' साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय.

आणि एक गोष्ट नीट ऐक. शार्लीझला सुरुवातीच्या दिवसांत एका निर्मात्यानं शनिवारी रात्री घरी ऑडिशनला बोलावलं होतं, गेली तर तो पायजम्यात बसलेला, ती माफी मागत तिथनं निघून आली आणि नंतर कितीतरी दिवस तिला स्वतःचाच राग येत राहिला की आपण माफी का मागितली. तुला कुणी घरी, हॉटेलवर, रात्री बोलावलं तर जायचं नाही. जायचं तिथं सोबत कुणीतरी घेऊन जायचं. ऑडिशनला पैसे भरायला सांगतात ते काम देत नाहीत. आणि चुकून अडकलीसच तर निघून यायचं, माफी न मागता.

कसबा बावडा : घरात बसून तिचे सिनेमे बघायचे तर कुठनं सुरू करू? घरात लहान मुलं आहेत.

मुलांबरोबर 'मायटी जो यंग' बघा, १९९८ चा, गोरिलाचा, मुलांना आवडतोय. 'मॉन्स्टर', 'फ्युरी रोड', 'अ‍ॅटॉमिक ब्लाँड', 'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' हे मुलं झोपल्यावर. मी असते तर आधी 'नॉर्थ कंट्री', मग 'मॉन्स्टर', मग 'टली' (२०१८) बघितला असता, तिसऱ्या बाळंतपणानंतर झोपेविना थकलेल्या आईचा, त्यातही तिनं वजन वाढवलंय पण तिकडं लक्षही जात नाही. तो नवऱ्याबरोबर बसून बघा. 'यस्टरडे' कुठं मिळाला तर सोडू नका, खाली इंग्रजी ओळी वाचाव्या लागतील पण अवघड नाहीत.